फडकं आणि दोरी

हंड्याच्या तोंडाला फडकं बांधून पाणी गाळताना दोरी एका बाजूला सैल पडली, की पाणी फडक्यातून जायचं सोडून कडेनं आत उतरतं. मग फडकं कितीही तलम असो, गाळ हंड्यात जायचा तो जातोच. गाडीसाठी ऑइल फिल्टर घेताना आपण चौकशी करतो ती फडक्याची: कागद कसला, किती मायक्रॉनचा. पण फिल्टरचा खरा कस लागतो तो दोरीत. कागद कडांना कसा चिकटवलाय, झडपा कुठे बसवल्यात, त्या कधी उघडतात आणि कधी मिटतात, यावर इंजिनाला मिळणारं ऑइल ठरतं.

वापरून झालेला फिल्टर कापून उघडला की हे डोळ्यांना दिसतं. एका टोकाला जाड पत्र्याची चकती असते. तिच्या मधोमध आटे पाडलेलं मोठं भोक आणि त्याभोवती लहान भोकांचं कडं. पंपानं ढकललेलं ऑइल या लहान भोकांतून शिरतं, डबीच्या भिंतीलगत पसरतं, कागदातून बाहेरून आत झिरपतं आणि मधल्या जाळीदार नळीतून आट्यांच्या भोकावाटे इंजिनात परततं. कागद राळेत भिजवून तापवून कडक केलेला असतो आणि नऊवारीच्या निऱ्यांसारखा दुमडलेला असतो, म्हणून मुठीएवढ्या डबीत त्याचा भलामोठा पट्टा मावतो. मात्र निऱ्या मोजून फिल्टर जोखणं फसवं. त्या फार दाटल्या तर शेजारच्या दोन निऱ्या एकमेकींना चिकटतात, मधल्या फटीत ऑइल शिरत नाही आणि तेवढा कागद असून नसल्यासारखा होतो. निऱ्यांची दोन्ही टोकं जिथे झाकणांना चिकटवलेली असतात, तिथला डिंक सुटला तर सगळाच कागद वाया जातो. झाकण पत्र्याचं की पुठ्ठ्याचं, यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. मला तो वाद दुय्यम वाटतो. सांधा पक्का असेल तर पुठ्ठाही निभावतो, आणि कच्चा असेल तर पत्रा वाचवू शकत नाही.

अडवायचं काय असतं? मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. चालत्या इंजिनात क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधला ऑइलचा थर मात्र भाराखाली काही थोड्या मायक्रॉनांवर येतो. त्याहून फार मोठा कण फटीत शिरत नाही, फार लहान कण अलगद निघून जातो. थराच्याच मापाचा कण दोन्ही पृष्ठभागांना एकदम ओरखडत जातो, आणि तो डोळ्यांना दिसतही नाही. जनरल मोटर्सच्या १९८८ सालच्या अभ्यासात ४० मायक्रॉनऐवजी ३० मायक्रॉनची गाळणी वापरल्यावर झीज निम्म्यावर आली होती, तर १५ मायक्रॉनला ती ७० टक्क्यांनी घटली होती. अशा चाचण्यांत ऑइलमध्ये मुद्दाम धूळ घालतात. रोजच्या रस्त्यावर फरक इतका ठळक दिसणार नाही, हा आक्षेप मला मान्य आहे; पण झीज कुठल्या दिशेनं जाते, ते त्यामुळे बदलत नाही. शिवाय नुसतं ‘२० मायक्रॉन’ म्हणणं अपुरं आहे. त्या मापाचे शंभरातले पन्नास कण अडतात की नव्याण्णव, हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. ऑइल फिरूनफिरून येतं, आज सुटलेला कण उद्या सापडेल, असंही म्हटलं जातं. सापडेलही, पण दर फेरीत तो आधी बेअरिंगमधून जाऊन येईल.

मग सगळ्यात बारीक कागदच का घालू नये? कारण गाळणीनं वाट अडवूनही चालत नाही. १५ डब्ल्यू ४० ऑइल १०० अंशांना असतं त्याच्या साधारण सातपट दाट ४० अंशांना असतं. थंडीतल्या पहाटे तर त्याहूनही दाट, आणि असं ऑइल बारीक कागदातून सहज जात नाही. सुरुवातीच्या फिल्टरना ही अडचण नव्हती. अर्नेस्ट स्वीटलँड यांनी १९२३च्या सुमारास अमेरिकेत मोटारीचा फिल्टर आणला आणि त्याला ‘प्युअर ऑइल लेटर’ या शब्दांवरून प्युरोलेटर हे नाव दिलं. त्यातून ऑइलचा काही भागच जात असे, त्यामुळे गाळणी तुंबली तरी इंजिन उपाशी राहत नसे. पुढे सगळंच ऑइल फिल्टरमधून जाऊ लागलं आणि बायपास झडप अटळ झाली. कागदाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबात साधारण एका बारच्या आसपास फरक पडला की ती उघडते आणि न गाळलेलं ऑइल थेट आत सोडते. मळकं ऑइल वाईटच, पण ऑइलच नसणं त्याहून कितीतरी वाईट. ही झडप आट्यांच्या बाजूला असेल, तर ऑइल दारातूनच वळतं. डबीच्या पार टोकाला असेल, तर ते गाळ साचलेल्या निऱ्यांना घासत टोकापर्यंत जातं आणि गाळ सोबत घेऊन जाऊ शकतं. टोकाला झडप असलेले चांगले फिल्टरही आहेत. त्यांत कागद पुरेसा असल्यामुळे झडप क्वचितच उघडते. काही इंजिनांत झडप ब्लॉकमध्येच असते आणि फिल्टरमध्ये नसते. म्हणून आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला, असं होत नाही.

यावर कुणी स्प्लेंडर मोटारसायकलचा दाखला देईल: तिच्यात कागदी फिल्टर नाही, तरी ती वर्षानुवर्षं चालते. खरं आहे. पण तिथे तारेची जाळी आहे, आणि क्रँकसोबत फिरणारी एक वाटी जड कण भिंतीकडे फेकून धरून ठेवते. क्रँकही बॉल बेअरिंगवर फिरतो, त्याला मोटारीच्या साध्या बेअरिंगसारखा दाबाखालचा ऑइलचा अखंड थर लागत नाही. हा दाखला फिल्टरच्या विरोधात जात नाही. इंजिनाच्या बांधणीप्रमाणे गाळणीची बांधणी बदलते, एवढंच तो दाखवतो.

कागदी फिल्टरमधला सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे लहान भोकांवर आतून बसणारी रबराची चकती. इंजिन बंद झाल्यावर डबीतलं ऑइल तिनं धरून ठेवायचं असतं. फिल्टर आडवा किंवा उलटा बसवलेला असेल तर तिचं काम फारच मोठं. तोंड वर करून उभ्या बसवलेल्या फिल्टरमध्ये ऑइल तसंही आतच राहतं. साधं नायट्राइल रबर उष्णतेनं कडक होत जातं, सिलिकॉन जास्त काळ मऊ राहतं. चकती ताठरली की रात्रभरात डबी रिकामी होते. सकाळी चावी फिरवल्यावर ती पुन्हा भरेपर्यंत ऑइलचा दिवा विझत नाही, वरून टकटक ऐकू येते, आणि तेवढे क्षण क्रँक कालच्या उरल्यासुरल्या ऑइलवर फिरत असतो. कापलेल्या फिल्टरमधली ती चकती चिमटीत धरून वाकवली, तर ती लवते की कडकडते, ते लगेच कळतं.