पाताळगंगेपासून उलव्यापर्यंत

कोकणातल्या बऱ्याच नद्या मे महिन्यात डबक्यांपुरत्या उरतात, पाताळगंगा मात्र वाहत असते. याचं मूळ १९१५ मध्ये आहे. त्या वर्षी खोपोलीला टाटांचं वीजकेंद्र सुरू झालं. लोणावळा, वळवण, शिरवत्याच्या तलावांत अडवलेलं पाणी इंद्रायणीच्या खोऱ्यातलं. भीमा-कृष्णेतून सगळा देश आडवा ओलांडून ते बंगालच्या उपसागराला मिळायचं. ते नळांतून घाटाखाली सोडलं गेलं, जनित्रं फिरवून पाताळगंगेत आलं आणि धरमतरच्या खाडीकडे निघालं. पुढे रसायनीचे कारखाने आणि पनवेल परिसरातल्या नळयोजना याच पाण्यावर उभ्या राहिल्या.

१९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली तेव्हा इथे भातशेती, मिठागरं आणि खाजणं होती. बरीचशी जमीन भरतीच्या पातळीखाली. म्हणून हॉलंडच्या धर्तीवर होल्डिंग पॉन्ड बांधले. त्यांची झडप पाहण्यासारखी असते. भरती चढली की खाडीचं पाणी तिला बाहेरून दाबून बंद करतं, शहराचं पावसाचं पाणी आत तलावात थांबतं. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने तीच झडप उघडते. अरबी समुद्रावरून आलेला पाऊस असा काही तासांतच परत समुद्रात जातो. पण याला तलावात जागा हवी. आज कित्येक तलाव गाळाने भरलेत, त्यात कांदळवन वाढलंय आणि ते तोडायला परवानगी लागते. कांदळवन वाचायलाच हवं. गाळ काढण्याचा प्रश्न मात्र वर्षानुवर्षं लोंबकळत ठेवणं मला मान्य नाही.

महापालिका १९९२ची. २००२ मध्ये तिने खालापूरजवळ धावरी नदीवरचं मोरबे धरण विकत घेतलं, आणि तो या शहराचा सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय होता. पाणी ८८ मीटरवर पोचलं की धरण भरलं, जलपूजन झालं, वर्षाची चिंता मिटली. ऑगस्टमध्ये भाजीबाजारातही "मोरबे भरलं का?" हीच विचारणा.

गाढी भरली का, हे मात्र कुणी विचारत नाही. माथेरान-प्रबळगडाच्या बाजूने उतरणारी ही छोटी नदी २६ जुलै २००५ला पनवेलमध्ये शिरली. मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली की अशा नदीला पसरायला काठ लागतो, आणि काठावर आपण इमारती बांधत गेलो. तळोज्याच्या कासाडीची तर कारखान्यांच्या सांडपाण्याने पार दुर्दशा झाली.

मग विमानतळ. २०१८ मध्ये पायाभरणी, ८ ऑक्टोबर २०२५ला उद्घाटन. त्यासाठी डोंगर फोडला, दहा गावं उठवली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवला. डोंगरावरून येणारं पाणी आता आखून दिलेल्या पात्राने खाडीला जातं. उधाणाच्या दिवशी अतिवृष्टी झाली तर ते पात्र किती पुरतं, हे आजूबाजूच्या गावांना दर पावसाळ्यात मोजून, जाहीर करून सांगितलं गेलं पाहिजे.