पोझिशन देणारे हात

जबड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आठ-दहा तास चालू शकते. एक तुकडी रोगट हाड आणि मानेतल्या गाठी काढते. दुसरी तुकडी पायातले फिब्युला नावाचे बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट काढून त्यातून नवा जबडा घडवते. मग सूक्ष्मदर्शकाखाली त्या वाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना जोडायच्या. तंबाखू आणि गुटख्याने पोखरलेल्या आपल्या राज्यात अशा रुग्णांचा तोटा नाही. खारघरला टाटा मेमोरियलचे ॲक्ट्रेक हे केंद्र आहे, तिथल्या ओपीडीत उभे राहिले की हे वेगळे सांगावे लागत नाही. या शस्त्रक्रियेत डोळ्यांत भरते ते सर्जनचे कसब, आणि ते भरायलाच हवे. पण त्या सगळ्या तासांत पेशंट जेमतेम दीड-पावणेदोन फूट रुंदीच्या टेबलावर उताणा पडलेला असतो. डोक्याची मागची बाजू, खांद्यांची पाती, कोपरे, माकडहाड आणि टाचा एवढ्याच जागांवर त्याचा बहुतेक भार येतो. एकाही जागेवरचा भार तो स्वतः हलवू शकत नाही.

रात्री झोपेत आपण नकळत कूस बदलतो. अंगाखालचा हात अवघडला की काढून घेतो. भूल दिल्यावर हे सारे थांबते. दुखणे कळत नाही, स्नायू सैल पडतात, रक्तदाब उतरतो. ऑपरेशन थिएटरचे, म्हणजे ओटीचे, तापमान २१ अंशांच्या आसपास ठेवलेले असते, त्यामुळे उघडे शरीर गार पडते आणि कातडीकडे जाणारे रक्त आणखी कमी होते. वरून हाडाचा भार आणि खालून गादीचा दाब, यांच्यामध्ये मांस चिरडत राहते. पेशंटने झोपेत जे आपोआप केले असते ते आता दुसऱ्या कुणाला तरी विचार करून, आणि तेही आधीच, करून ठेवावे लागते. ओटीच्या बोलीत याला ‘पोझिशन देणे’ म्हणतात.

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडे नवी मुंबई हे नवे शहर उभे राहू लागले. आज वाशीचे महापालिका रुग्णालय, नेरूळचे डी. वाय. पाटील, बेलापूरचे अपोलो, कामोठ्याचे एमजीएम, खारघरचे ॲक्ट्रेक आणि लहान मुलांच्या हृदयावर मोफत शस्त्रक्रिया करणारे सत्य साई संजीवनी, अशी रुग्णालये एकाच पट्ट्यात आहेत. उरण, पनवेल, कर्जत, अलिबागपासून माणसे इथे येतात. कुठल्याही ओटीत गेलात तरी पोझिशन देणारे हात सारखेच असतात. सिस्टर, टेक्निशियन, भूलतज्ज्ञ आणि ज्यांना सगळे रुग्णालय ‘मामा’ नि ‘मावशी’ म्हणते ते मदतनीस. डिस्चार्ज कार्डावर सर्जनचे नाव असते, भूलतज्ज्ञाचे असते. मामांचे कधीच नसते.

त्यांचे काम नीट पाहण्यासारखे आहे. स्ट्रेचरवरून टेबलावर घेताना पेशंटला ओढायचे नसते. भूलतज्ज्ञ डोके सांभाळतो, ‘एक, दोन, तीन’ म्हणतो आणि चौघे एकदम उचलतात किंवा गुळगुळीत फळीवरून सरकवतात. ओढले की कातडी चादरीला चिकटून मागे राहते आणि आतले हाड पुढे जाते. मधल्या बारीक रक्तवाहिन्या ताणल्या जातात, पिळवटतात. पोटाच्या आणि ओटीपोटाच्या शस्त्रक्रियेत टेबल डोक्याकडे उतरते करतात, तेव्हाही हेच घडते. आता नवी मुंबईतही रोबोटच्या साहाय्याने शस्त्रक्रिया होतात. रोबोटचे हात एकदा पोटात अडकवले की मध्येच पेशंटला हलवता येत नाही. म्हणून जे करायचे ते आधी, घाई न करता. खाली जेलची जाड गादी घालायची आणि तिच्यावर चादरींचे थर कमीत कमी ठेवायचे, कारण चार पदरी चादर घातली की चांगल्या गादीचा उपयोग संपतो. गुडघे किंचित वाकवून पोटऱ्यांखाली लांबट आधार द्यायचा, म्हणजे टाचा पूर्ण अधांतरी राहतात. हात बाजूला पसरायचे तर काटकोनापेक्षा जास्त नाहीत, नाहीतर काखेतून जाणाऱ्या नसांना ताण बसतो. कोपराच्या आतल्या कडेला आधार हवा, कारण तिथली नस अगदी कातडीखाली असते.

पालथे झोपवून मणक्याचे ऑपरेशन करायचे असेल तर सारे गणित बदलते. आता कपाळ, हनुवटी, छाती, कमरेच्या हाडाच्या कडा, गुडघे आणि पायाची बोटे सांभाळायची. पोट लोंबते राहिले पाहिजे, नाहीतर आतला दाब वाढून मणक्याजवळच्या शिरा फुगतात आणि रक्तस्राव वाढतो. डोळ्यांवर उशीची कड आली तर दृष्टीच जाऊ शकते. म्हणून काही उशांखाली आरसा बसवलेला असतो, आणि भूलतज्ज्ञ वाकून वारंवार त्यात पाहतो. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड. त्याच्या बाबतीत पहिली काळजी डोक्याच्या मागच्या बाजूची घ्यायची.

यामागचे शास्त्र तसे जुने आहे. १९३० साली युजीन लँडिस यांनी नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिनीत अतिसूक्ष्म नळी घालून दाब मोजला. धमनीकडच्या टोकाला तो सरासरी ३२ मिलिमीटर पारा भरला. पुढे हाच आकडा धोक्याची रेघ म्हणून पाठ्यपुस्तकांतून फिरत राहिला. पण तो निरोगी माणसाच्या बोटातला आकडा होता. मधुमेही, हाडकुळ्या, रक्तदाब उतरलेल्या पेशंटच्या माकडहाडाला तो लावता येत नाही. १९५९ साली मायकेल कोसियाक यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवले की थोडा वेळ पडलेला मोठा दाब जितके नुकसान करतो, तितकेच बराच वेळ टिकलेला लहान दाबही करतो. शस्त्रक्रिया तीन तासांच्या पुढे गेली की धोका वाढत जातो, असे आज मानतात ते याच कारणाने.

सगळ्यात अवघड गोष्ट मात्र वेगळीच आहे. अशा दाबाने होणारी जखम वरून खाली जात नाही. ती हाडालगत, खोल मांसात सुरू होते. शस्त्रक्रिया संपल्यावर चादर काढून पाहिले तर कातडी ठीक दिसते. जांभळट चट्टा वर येतो तो दोन-तीन दिवसांनी. तोवर पेशंट वॉर्डात असतो, किंवा घरी जाऊन पोहोचलेलाही असतो. वॉर्डातल्या सिस्टरला वाटते कॉटरीच्या, म्हणजे विजेने डागण्याच्या यंत्राच्या, प्लेटने भाजले असेल, किंवा बीटाडीन पाठीखाली साचून कातडी सोलली असेल. (बीटाडीन साचू न देणे हेही पोझिशनच्या कामातच येते, कारण ओली कातडी लवकर फाटते.) मग बोलणी खावी लागतात ती वॉर्डाला, आणि ज्या ओटीत हे झाले तिला त्याचा पत्ताही लागत नाही. माझ्या मते सारा प्रश्न इथे अडला आहे. ज्या हातांनी पोझिशन दिली त्या हातांना ती चुकली की जमली, हे कधी सांगितलेच जात नाही. सांगितले नाही तर माणूस शिकणार कसा?

त्यात आपल्या कातडीचा रंग. पाठ्यपुस्तके सांगतात: लाल डाग बोटाने दाबा, पांढरा पडला नाही तर तो धोक्याचा. गव्हाळ-सावळ्या अंगावर लाली मुळात नीट दिसत नाही. तिथे डोळ्यांपेक्षा हात कामाला येतो. शेजारच्या कातडीपेक्षा ही जागा गरम आहे का, कडक किंवा फुगरी लागते का, पेशंट तिथे दुखते म्हणतो का, हे पाहायचे. अनुभवी सिस्टर हे एका क्षणात ओळखतात. आपल्याकडे नव्या मुलींना हे पहिल्याच वर्षी शिकवायला हवे, कारण त्यांच्या हाताखाली येणारे बहुतेक पेशंट सावळेच असणार आहेत.

वर्षानुवर्षे चालत आलेले काही उपाय मात्र आता सोडायला हवेत. पाण्याने भरलेला रबरी हातमोजा टाचेखाली ठेवणे, सलाइनची पिशवी किंवा गुंडाळलेला टॉवेल खांद्याखाली सारणे, माकडहाडाखाली मधोमध भोक असलेले रबरी कडे ठेवणे. त्यामागची माया खरी असते. पण कड्याच्या काठावर दाब उलट वाढतो आणि आतल्या भागाचे रक्त अडते. हातमोजा घसरतो आणि टाच गादीवर येते. चांगल्या जेल पॅडची किंमत एकदाच मोजावी लागते आणि ते पुसून पुन्हा पुन्हा वापरता येते. जनआरोग्य योजनेच्या ठरलेल्या पॅकेजमध्ये शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयाला नवा खर्च जड वाटतो हे समजते. तरीही एका मोठ्या शय्याव्रणाचे ड्रेसिंग, प्रतिजैविके आणि अडकून पडलेली खाट यांचा हिशेब मांडला तर पॅड स्वस्तच पडते.

कागदावरची साधनेही आहेत. अशा जखमेचा धोका मोजणारे, १९८७ पासून वापरात असलेले ब्रेडन मापन वॉर्डातल्या पेशंटसाठी उपयोगी आहे. टेबलावरच्या तासांचा अंदाज त्यातून येत नाही. कॅसेंड्रा मनरो यांनी शस्त्रक्रियेच्या पेशंटसाठी वेगळे मापन केले, त्यात शस्त्रक्रियेच्या आधीचे, दरम्यानचे आणि नंतरचे गुण वेगवेगळे मांडतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली आणलेल्या सुरक्षित शस्त्रक्रियेच्या तक्त्यात १९ मुद्दे होते. पोझिशन किंवा दाबाचा मुद्दा त्यांत नव्हता. पण आपल्या गरजेप्रमाणे मुद्दे वाढवा, असे संघटनेनेच सुचवले आहे. म्हणजे वाशीच्या किंवा कामोठ्याच्या एखाद्या ओटीला तिथे दोन ओळी वाढवायला कुणाची परवानगी लागणार नाही: टाचा अधांतरी आहेत का, आणि किती वाजता पोझिशन दिली.

एनएबीएच ही दर्जाची मान्यता असलेल्या रुग्णालयांना रुग्णालयात झालेल्या दाबजखमांची नोंद ठेवावीच लागते. त्या नोंदीत अजून एक रकाना हवा, तो म्हणजे ‘गेल्या तीन दिवसांत शस्त्रक्रिया झाली होती का, किती तासांची, कुठल्या पोझिशनमध्ये’. ती नोंद महिनाअखेर ओटीत पोहोचवायची आणि सिस्टरसोबत मामांनाही वाचून दाखवायची. घरी गेलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना डिस्चार्जच्या वेळी सांगायचे, की आठवडाभर रोज आंघोळ घालताना माकडहाड आणि टाचा हाताने चाचपून पाहा, जांभळे किंवा कडक वाटले तर वॉर्डाच्या नंबरवर फोन करा. तो फोन आला की वॉर्डाने ओटीला कळवायचे, त्याच दिवशी.