कार स्टिरिओची दुरुस्ती व बदल

कार स्टिरिओ म्हणजे मोटारीच्या डॅशबोर्डमध्ये बसवलेले, रेडिओ प्रक्षेपण ग्रहण करणारे आणि साठवलेला आवाज ऐकवणारे उपकरण होय. बोलीभाषेत त्यास गाडीचा टेप किंवा डेक असेही म्हणतात. कारखान्यातून वाहनासोबत आलेला मूळ संच बिघडल्यास तो दुरुस्त करता येतो किंवा काढून त्याजागी दुसरा बसवता येतो. साधी अवजारे व विद्युतमंडलाचे प्राथमिक ज्ञान असल्यास यांतील बरीच कामे वाहनमालक स्वतः करू शकतो. अधिकृत सेवा केंद्रे मुख्यतः मोठ्या शहरांत एकवटलेली असल्याने धाराशिवसारख्या जिल्ह्यात या ज्ञानाचा व्यावहारिक उपयोग अधिक आहे.

इतिहास

अमेरिकेतील शिकागो येथील गॅल्व्हिन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशनने १९३० मध्ये मोटोरोला या नावाने मोटारीतील रेडिओ विक्रीस आणला. युरोपात ब्लाउपुंक्ट या जर्मन कंपनीने १९३२ मध्ये असा रेडिओ तयार केला. पुढे कॅसेट, सीडी, यूएसबी, ब्लूटूथ आणि स्पर्शपडदा अशी स्थित्यंतरे झाली.

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्सच्या मोटारींत रेडिओ बहुधा खरेदीनंतर वेगळा बसवला जाई. त्या काळी रेडिओ बाळगण्यासाठी टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे. ही पद्धत १९८० च्या दशकात बंद झाली. रेडिओ बाहेरून बसवण्याच्या या प्रथेमुळे मुंबईतील लॅमिंग्टन रोड व पुण्यातील बुधवार पेठ यांसारख्या बाजारपेठांत सुटे भाग आणि कुशल कारागीर उपलब्ध झाले.

रचना

संचात रेडिओ ग्राहक, नियंत्रण मंडल आणि ध्वनिवर्धक हे प्रमुख भाग असतात. जर्मन मानकावरून रूढ झालेल्या एकेरी डीआयएन संचाचे तोंड १८० × ५० मिमी, तर दुहेरी डीआयएन संचाचे १८० × १०० मिमी असते. अलीकडील मोटारींत वाहनानुरूप आकाराचा स्पर्शपडदा असतो. वातानुकूलन व वाहनाच्या अन्य जुळण्या त्याच पडद्यावरून होत असल्यास तो बदलणे अवघड ठरते.

संचाला दोन स्वतंत्र १२ व्होल्ट तारा लागतात. एक तार सतत जिवंत असते आणि घड्याळ व स्मृती राखते. दुसरी किल्ली फिरवल्यावरच जिवंत होते. बाजारातील संचांत तारांचे पुढील रंग रूढ आहेत:

पिवळी – सततचा पुरवठा
लाल – किल्लीवरील पुरवठा
काळी – अर्थिंग, म्हणजे गाडीच्या सांगाड्याशी जोडणी
निळी – विद्युतचलित अँटेना
निळी-पांढरी – बाह्य ध्वनिवर्धक सुरू करण्याचा संकेत
नारिंगी – दिव्यांसोबत पडद्याचा प्रकाश बदलण्यासाठी
पांढरी, करडी – पुढील डावा व उजवा स्पीकर
हिरवी, जांभळी – मागील डावा व उजवा स्पीकर

स्पीकरच्या प्रत्येक जोडीत काळी रेघ असलेली तार ऋण टोकाची असते. मूळ संचांच्या तारांचे रंग कंपनीगणिक बदलतात. त्यामुळे केवळ रंगावर विसंबून जोडणी करू नये.

बिघाडाचे निदान

संच पूर्णपणे बंद असल्यास प्रथम फ्यूज तपासतात. एक फ्यूज वाहनाच्या फ्यूजपेटीत व बहुधा दुसरा संचाच्या मागील बाजूस असतो. जळालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. तो पुन्हा जळाल्यास मंडलात शॉर्ट आहे असे समजावे. अधिक क्षमतेचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घातल्यास तारा तापून आग लागू शकते. बॅटरी काढल्यानंतर संच सांकेतांक मागत असेल, तर तो बिघाड नसून चोरीविरोधी कुलूप असते.

मल्टिमीटरने इंजिन बंद असताना पिवळ्या तारेवर सुमारे १२.६ व्होल्ट व इंजिन सुरू असताना सुमारे १४ व्होल्ट मिळाले पाहिजेत. पुरवठा व अर्थिंग योग्य असूनही संच सुरू होत नसल्यास दोष संचाच्या आत असतो.

एकाच बाजूचा आवाज जात असल्यास स्पीकर संचापासून अलग करून त्याचा रोध मोजतात. ४ ओहमचा स्पीकर मल्टिमीटरवर सुमारे ३ ते ४ ओहम दाखवतो. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावल्यास चांगल्या स्पीकरमधून टक् असा आवाज येतो. इंजिनाच्या वेगासोबत चढणारी शिटी ऐकू येत असल्यास अर्थिंगची जोडणी सैल किंवा गंजलेली असण्याचा संभव असतो.

बहुतेक आधुनिक संचांत ध्वनिवर्धकाची दोन्ही टोके सांगाड्यापासून अलग असतात. संच सुरू असताना प्रत्येक टोकावर सांगाड्याच्या सापेक्ष पुरवठ्याच्या जवळपास निम्मे व्होल्ट आढळतात, तर जोडीच्या दोन टोकांतील फरक शून्याजवळ असतो. हा फरक मोठा असल्यास ध्वनिवर्धक चिप निकामी झालेली असते. याच कारणाने स्पीकरची ऋण तार सांगाड्याला जोडल्यास चिप जळू शकते.

धाराशिव जिल्ह्यातील परिस्थिती

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्हा बालाघाट डोंगररांगांत वसलेला असून उन्हाळ्यात तेथे पारा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीतील तापमान याहून बरेच अधिक असते. वारंवार तापण्या-निवण्याने डाखाचे सांधे तडकतात, स्पीकरच्या कडा फाटतात आणि स्पर्शपडद्याचा चिकटपदर सुटतो. धूळ सीडीच्या भिंगावर व बटणांत बसते. गाडी तापल्यावर बंद पडणारा आणि थंड झाल्यावर सुरू होणारा संच बहुधा सैल सांध्याचे लक्षण असतो. असा सांधा पुन्हा डाख दिल्यास पूर्ववत होतो.

धाराशिव येथे आकाशवाणीचे एफएम केंद्र आहे. एफएम लहरी साधारणतः सरळ रेषेत जात असल्याने डोंगराआड किंवा सखल भागात प्रक्षेपण क्षीण होते. त्यामुळे रेडिओ खरखरत असल्यास संच उघडण्यापूर्वी शहराजवळील मोकळ्या जागी तो तपासावा. तेथेही खरखर राहिल्यास अँटेनाची तार व तिच्या वर्धकाचा पुरवठा पाहावा.

नवा संच बसवणे

संच निवडताना आकार, वाहनानुरूप फ्रेम आणि कपलर यांची जुळणी पाहतात. कपलर म्हणजे मूळ तारा न कापता नवा संच जोडणारी जोडतार. अनेक वाहनांत आयएसओ १०४८७ मानकाचे जोड असतात. त्यांत चौथी पिन सततच्या पुरवठ्याची, सातवी किल्लीवरील पुरवठ्याची व आठवी अर्थिंगची असते. मात्र काही कंपन्या चौथ्या व सातव्या पिनची अदलाबदल करतात. अशा वेळी किल्ली काढताच संचाची स्मृती पुसली जाते. लाल व पिवळी तार एकत्र करून सततच्या पुरवठ्याला जोडल्यास संच बंद न केल्यावर बॅटरी उतरते. अर्धा अँपिअर प्रवाह सतत वाहत राहिल्यास ३५ अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे ७० तासांत रिकामी होईल.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक काढावे. एअरबॅग असलेल्या मोटारीत त्यानंतर काही मिनिटे थांबावे आणि पिवळ्या आवरणातील एअरबॅगच्या तारांना मल्टिमीटर लावू नये. मूळ जोडाचे छायाचित्र घेऊन तारांवर खुणा कराव्यात. उघडे सांधे पिळून सोडू नयेत; डाख देऊन त्यांवर आकुंचन नळी चढवावी. स्टिअरिंगवरील बटणे व मागचा कॅमेरा चालण्यासाठी काही वाहनांत वेगळा दुवासंच लागतो.

परदेशी संचात प्रदेशाची निवड तपासणे आवश्यक असते. अमेरिकी जुळणीत एफएम केवळ विषम दशांशांवर थांबते. त्यामुळे पुण्याच्या १०१.० मेगाहर्ट्झसारखे केंद्र नीट लागत नाही. मध्यम लहरींत भारतात ९ किलोहर्ट्झचे, तर अमेरिकेत १० किलोहर्ट्झचे अंतर असते. मूळ संचात डीआरएम डिजिटल रेडिओ असल्यास तो बदलल्यावर ही सोय सहसा जाते.

खोक्यावरील ‘५० वॅट × ४’ हा आकडा कमाल क्षणिक क्षमता दर्शवतो. १४.४ व्होल्ट पुरवठ्यावर ४ ओहमच्या स्पीकरला, बाह्य ध्वनिवर्धकाविना, सलग शुद्ध स्वरूपात सैद्धांतिकदृष्ट्याही सुमारे २६ वॅटच मिळू शकतात. मालट्रक व बसगाड्यांत बहुधा २४ व्होल्टची यंत्रणा असते. तेथे १२ व्होल्टचा संच थेट जोडल्यास तो जळतो.

मर्यादा व नियम

हमीच्या काळात मूळ तारा कापल्यास विद्युत भागांची हमी नाकारली जाऊ शकते. म्हणून आधी अटी वाचाव्यात. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट हाती घेतली असून तिच्या क्षेत्रांत वाहनांचाही समावेश आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी क्षेत्रातील मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. निकामी संच कचऱ्यात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावा.

हेही पहा

आकाशवाणी
ध्वनिवर्धक
ई-कचरा
धाराशिव जिल्हा