हात वर केला म्हणजे होकार?

धडगाव तालुक्यातील एका आश्रमशाळेत आम्ही सिकलसेलच्या अभ्यासासाठी गेलो होतो. पालकांची संमती दिवाळीपूर्वीच घेतली होती. मुलांना माहिती सांगून आम्ही विचारले, "रक्त द्यायला कोण कोण तयार आहे?" सरांनी वर्गावर नजर फिरवली आणि सगळे हात वर झाले. नंतर एका मुलीने हळूच विचारले, "नाही म्हटलं तर सर रागावतील का?" आमची चूक लक्षात आली. याला संमती म्हणता येईल का?

संमतीला तीन गोष्टी लागतात: माहिती, ती समजणे आणि नकाराची मोकळीक. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. घरची भाषा भिली किंवा पावरी, फॉर्म मात्र मराठीत! दिवाळीनंतर अनेक पालक ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. मग मुख्याध्यापकांची सही घेण्याचा सोपा मार्ग सुचतो.

याच मार्गाने २००९ मध्ये आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात काय घडले ते पाहा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस तेथे १० ते १४ वर्षांच्या मुलींना देण्यात आली. वसतिगृहांतील कित्येक मुलींच्या फॉर्मवर पालकांऐवजी अधीक्षकांच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबर मुलाचा स्वतःचा होकारही लागतो: ७ ते १२ वर्षांपर्यंत तोंडी, त्यापुढे १८ पर्यंत लेखी.

निष्कर्ष सांगतानाही जपावे लागते. सिकलसेलच्या वाहकाला सहसा काही त्रास होत नाही. आईवडील दोघेही वाहक असतील, तर मात्र प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. पण वाहकांची यादी वर्गात वाचली गेली, तर वाहक आणि रुग्ण यांतला फरक कोण लक्षात ठेवणार? मुलीच्या लग्नाच्या वेळी तो शिक्का आडवा येतो. म्हणून निष्कर्ष ज्याचा त्याला, पालकांसमोर, समजावूनच द्यावा. रुग्ण आढळल्यास उपचारांची सोय आधीच केलेली असावी.

शिक्षक येथे पुष्कळ करू शकतात. संशोधकांकडे नीतिसमितीचे मान्यतापत्र मागा. पालक गावी असतानाच, त्यांच्या बोलीत बैठक घ्यायला सांगा. मुलाला विचारताना आपण खोलीबाहेर थांबा. मुलांना यातून काय मिळणार, हेही विचारा.

त्या शाळेत दुसऱ्या दिवशी आम्ही एकेकाला वेगळे बसवून, पावरीतून विचारले. काहींनी नकार दिला. आमचे नमुने कमी झाले, पण पुढच्या फेरीत नकार दिलेल्यांपैकी दोघे आपणहून आले.