दीर्घकालीन वृद्धशुश्रूषा : परिचारिकेचे समाधान

दीर्घकालीन वृद्धशुश्रूषा, म्हणजे परावलंबी झालेल्या ज्येष्ठांची वर्षानुवर्षे चालणारी देखभाल, परिचारिकेला रुग्णालयात क्वचितच लाभणारा सहवास देते. वार्धक्यातील जंतुसंसर्गात कधीकधी ताप न येता केवळ अचानक बुद्धिभ्रम, म्हणजे डेलिरियम, दिसतो; ज्येष्ठांचा रोजचा स्वभाव ठाऊक असलेल्या परिचारिकेला तो बदल लवकर जाणवतो आणि तिच्या निरीक्षणामुळे उपचार वेळीच सुरू होऊ शकतात. जेवण, स्नान, चालणे अशा १० दैनंदिन क्रियांतील स्वावलंबन ० ते १०० गुणांत मोजणाऱ्या, १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या बार्थेल निर्देशांकात स्वतःच्या हाताने जेवण्यास १० गुण आहेत. पक्षाघातानंतर ते गुण पुन्हा मिळवून देण्यात, आणि त्यांबरोबर आत्मसन्मानही परत मिळवून देण्यात, या सेवेचे खरे सार्थक आहे.