घडीचं घर

भोसरी एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये फोर्स ट्रॅव्हलर उभी आहे. आतल्या सगळ्या सीटा काढून भिंतीला टेकवून ठेवल्या आहेत, फक्त ड्रायव्हरची आणि तिच्या शेजारची तेवढी जागेवर. मागच्या भागात एक टेबल आणि दोन्ही बाजूंना दोन बाकडी. मिस्त्री गुडघ्यावर बसतात, टेबलाच्या पायाची खिट्टी ओढतात. टेबल सरळ खाली येतं आणि बाकड्यांच्या पातळीला येऊन थांबतं. मग पाठीच्या गाद्या काढून ते मधल्या जागेत बसवतात. गाद्यांच्या कडा एकमेकींना अशा भिडतात की वर हात फिरवला तर सांधा बोटाला लागत नाही. अर्ध्या मिनिटापूर्वी जिथं चौघं जेवायला बसू शकत होते, तिथं आता दोन माणसांचा पलंग आहे.

“सकाळी परत टेबल,” मिस्त्री म्हणतात. “घडी घातली की झालं.”

हे मिस्त्री वीसेक वर्षं एका कंपनीच्या टूलरूममध्ये होते. कंपनीनं स्वेच्छानिवृत्ती आणली तेव्हा त्यांनी ती घेतली आणि भाड्याच्या शेडमध्ये गाड्यांचं आतलं काम सुरू केलं. आधी शाळेच्या गाड्या, मग रुग्णवाहिका, आता कॅम्पर. समोरची गाडी प्राधिकरणातल्या एका निवृत्त जोडप्याची आहे. त्यांना हिवाळ्यात नेपाळला जायचं आहे, लुंबिनी, पोखरा, काठमांडू, आणि हॉटेल शोधत फिरायचं नाही.

युरोपात या हौसेचं एक स्वस्त आणि सुटसुटीत रूप आहे. मोटारीच्या मागं जोडायची एक बसकी पेटी. मुक्कामाला पोचलं की तिचं झाकण उघडायचं, दोन्ही बाजूंना पलंग सरकवायचे, वर कापड ताणायचं, की कमरेएवढ्या पेटीचं बिऱ्हाड होतं. इंग्लंडमधली कुटुंबं अशी पेटी बोटीवर चढवून फ्रान्सात उतरतात आणि मुलांची सुट्टी त्यातच घालवतात. आपल्याकडे ही पेटी रुजली नाही. मागं ट्रेलर ओढत आपल्या घाटांतून आणि गावांतल्या बाजारपेठांतून जाणं, मग तो उलटा मागं घेणं हे दिव्य आहे, आणि रात्री तंबू टाकायला राखून ठेवलेल्या जागाही फार नाहीत. म्हणून घडीची सगळी कला इथं गाडीच्या पोटात गेली. आणि त्यासाठी जी गाडी लोक पहिल्यांदा निवडतात, ती मुळात आपल्याच आकुर्डीच्या कंपनीची.

या गाडीची वंशावळ सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. जर्मनीत हॅम्बुर्गला विडाल आणि मुलगा या नावाची एक कंपनी होती, तिच्या गाड्यांचं नाव ‘टेंपो’. अहमदनगरचे वकील आणि स्वातंत्र्यसैनिक नवलमल कुंदनमल फिरोदिया यांनी तिच्याशी करार केला आणि १९५८ मध्ये बजाज टेंपो कंपनी उभी राहिली. सुरुवातीला मुंबईत गोरेगावला हान्सियाट ही तीनचाकी निघायची. १९६४ मध्ये कारखाना आकुर्डीला आला. तीनचाकी असो की चारचाकी, माल वाहणारं लहान वाहन म्हणजे टेंपो, इतका तो शब्द मराठीत मुरला. ‘सामान टेंपोत टाका’ म्हणताना हॅम्बुर्ग कुणाच्या मनात येत नाही. मॅटाडोरही त्याच घराण्यातून आली. तिचा तळ बसका, त्यामुळे पोती असोत की माणसं, आत चढायला उंच पाय टाकावा लागत नसे. पुण्यात सिक्स-सीटर म्हणून धावलेली मिनीडोर याच कंपनीची. २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, पण पिंपरी-चिंचवडमध्ये जुनी माणसं अजून “टेंपोत होतो” असंच सांगतात.

ट्रॅव्हलर आली १९८७ मध्ये. ती मर्सिडीज-बेंझच्या टी-१ या गाडीवरून घेतलेली. टी-१ जर्मनीत १९७७ पासून ब्रेमेनला बनायला लागली, म्हणून तिकडे तिला ब्रेमेनची गाडी म्हणून ओळखत. आपल्याकडच्या सुरुवातीच्या ट्रॅव्हलरला इंजिन होतं मर्सिडीजचंच, ओएम ६१६, चार सिलिंडरचं डिझेल, २४० डी या मोटारीत बसणारं. कष्टाळू, संथ, आणि कुठल्याही गावच्या मेकॅनिकला उघडता येईल असं इंजिन.

मला या दोन सख्ख्या बहिणींचं नशीब फार विचार करायला लावतं. तिकडची टी-१ पोस्टाची गाडी झाली, पोलिसांची झाली आणि सुट्टीचं घरही झाली. वेस्टफालिया या जुन्या जर्मन कारखान्यानं, ज्यानं १९५१ मध्येच फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये बसवायची कॅम्पिंगची पेटी काढली होती, टी-१ च्या पोटात पलंग, शेगडी आणि मोरी बसवून तिला जेम्स कुक हे दर्यावर्दीचं नाव दिलं. त्या गाड्यांतून जर्मन कुटुंबं इटली-स्पेनला जात. इकडची बहीण आळंदीहून अष्टविनायकाला निघाली, वऱ्हाड घेऊन बार्शीला गेली, पहाटे साडेपाचला कामगारांना चाकणच्या गेटवर उतरवून आली. लाखो मराठी माणसांनी आयुष्यातला पहिला लांबचा प्रवास हिच्यातच केला, मांडीवर डबा, पायाखाली पिशवी, समोर टीव्हीवर पिक्चर. पण रात्र झाली की सगळे धर्मशाळेत किंवा लॉजवर. गाडीत झोपायचा हक्क फक्त ड्रायव्हरला. त्यानं पुढची सीट पाडून किंवा टपावर सतरंजी टाकून झोपायचं. कॅम्पर ही कल्पना आपल्याकडे नवी असेल, पण गाडीत रात्र काढण्याचा अनुभव या ड्रायव्हरांकडे तीस-चाळीस वर्षांचा आहे. डास कुठून येतात, काच किती इंच उघडी ठेवायची, पंपावर कुठल्या कोपऱ्यात गाडी लावली की रात्रभर ट्रकचे दिवे डोळ्यांवर येत नाहीत, हे त्यांना विचारावं. आमच्या मिस्त्रींनी पहिल्या कॅम्परच्या वेळी तेच केलं.

आतलं काम करायचं शिक्षण मात्र या पट्ट्याला रुग्णवाहिकांनी दिलं, असं मला वाटतं. रुग्णवाहिका म्हणजे चाकांवरची खोलीच. पलंग हलता कामा नये, कपाटं वळणावर उघडता कामा नयेत, वीज गाडी बंद असतानाही हवी, फरशी धुता आली पाहिजे. चिंचवडच्या बीव्हीजी संस्थेनं २०१४ मध्ये राज्यात १०८ क्रमांकाची सेवा सुरू केली ती ९३७ रुग्णवाहिकांनिशी. अशा कामावर ज्यांचा हात बसला, त्यांना कॅम्परमधलं स्वयंपाकघर अवघड वाटत नाही.

मिस्त्रींचा खरा शत्रू आहे खडखड. “घर हलत नाही म्हणून सुताराला माफ असतं,” ते म्हणतात. “इथं घराला रोज भूकंप.” कपाटाची दारं लोहचुंबकावर ठेवली तर पहिल्या गतिरोधकावर उघडतात, म्हणून दाबून उघडायची खिट्टी. साधा नट सुटतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी नायलॉनची कडी असलेला नट. पलंगाच्या फळीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड लांब बिजागरी, कारण तीन सुट्या बिजागऱ्या लावल्या तर मधल्या जागेत प्लाय कुरकुरतो. धातूला धातू कुठंही टेकू द्यायचा नाही, मध्ये फेल्टची पट्टी हवीच. गाडी तयार झाली की ते आत एकटे बसतात आणि दुसऱ्याला मोशीपर्यंत चालवायला सांगतात. डोळे मिटून ऐकतात. कुठून आवाज आला तिथं खडूनं खूण करतात. मी त्यांच्याबरोबर एकदा बसलो होतो. मला काहीच ऐकू आलं नव्हतं, परत आलो तेव्हा आत सात खुणा होत्या.

दुसरी लढाई वजनाची. शंभर लिटर पाण्याची टाकी मागणारं गिऱ्हाईक शंभर किलो मागत असतं, आणि ते वजन चाकांच्या मागं टांगलं तर पुढचा भाग हलका होऊन स्टिअरिंग भरकटतं. म्हणून टाकी दोन चाकांच्या मधे, खाली. जाड प्लाय आणि सनमायका लावला की दिसतं घरासारखं, पण घाट चढताना जाणवतो. निवृत्त साहेबांना शिसवी रंगाचं कपाट हवं होतं. मिस्त्रींनी त्यांच्या हातात दोन तुकडे दिले, एक जाड प्लायचा, एक हलक्या बोर्डाचा, आणि काही बोलले नाहीत. हलका बोर्ड ठरला.

कायद्याचा भाग समजून घ्यायलाच हवा, कारण हौशी लोक इथंच फसतात. कुठल्याही गाडीच्या सीटा काढून गादी टाकली म्हणजे कॅम्पर होत नाही. उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाला छेद जाईल असा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. दुसरीकडे केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेत खासगी वापराच्या कॅम्पर व्हॅनला स्वतंत्र जागा आहे, आणि मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. वाट आहे, पण ती चाचणी संस्थेतून जाते. तशा दोन मोठ्या संस्था इथंच आहेत, कोथरूडच्या टेकडीवरची एआरएआय आणि भोसरीची सीआयआरटी. २०२१ मध्ये राज्यानं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. मिस्त्री म्हणूनच नव्या गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न गादीच्या रंगाचा विचारत नाहीत. आरसी बघू, म्हणतात. मंजूर आराखड्याबाहेरचं काम ते घेत नाहीत, गिऱ्हाईक गेलं तरी.

चाकणला मर्सिडीजचा कारखाना २००९ मध्ये आला, फोक्सवॅगनचाही त्याच वर्षी. म्हणजे जगाला कॅम्परचं वेड लावणाऱ्या दोन्ही कंपन्या शेजारी आल्या. फोक्सवॅगननं इथं पोलो बनवली, तिची ती व्हॅन काही आणली नाही. मर्सिडीजनं २०२० मध्ये मार्को पोलो आणली, परदेशातून पूर्ण तयार. तिचं छप्पर वर उचललं जातं आणि त्यात दोघांचा पलंग निघतो, खाली शेगडी, सिंक, फ्रीज. किंमत तेव्हा कोटीच्या वर होती. छप्पर उघडण्याची ती घडी अप्रतिम आहे यात शंका नाही. पण ट्रॅव्हलरच्या उंच छपराखाली साधारण उंचीचा माणूस तसाच उभा राहतो, त्यासाठी काही उचलावं लागत नाही, आणि माझं मन तिच्याकडेच ओढ घेतं.

आता परदेश. आपल्या गाडीनं देशाबाहेर जायचं तर अनेक देशांसाठी कार्ने लागतं. गाडी तिकडे विकणार नाही, परत आणीन, याची ती सीमाशुल्कासाठी हमी. १९१९ मध्ये मुंबईत स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ते देते. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओ देतं, एका वर्षाचा. नेपाळला मात्र यातलं फारसं लागत नाही. सीमेवर भन्सार, म्हणजे तिथल्या सीमाशुल्क कचेरीत, आरसी दाखवायची, जितके दिवस राहायचं तितक्या दिवसांचे पैसे भरायचे, चिठ्ठी काचेवर ठेवायची. गाडी तिकडेही डावीकडूनच चालवायची. घड्याळ तेवढं पंधरा मिनिटं पुढं करायचं. भूतानलाही जाता येतं, पण तिथं भारतीय पाहुण्याला दर माणशी दर रात्री १२०० रुपये विकास शुल्क आहे, त्यामुळे स्वतःचं घर बरोबर नेऊनही रात्र फुकट नाही. साहेबांनी नेपाळ निवडलं ते याच हिशेबानं.

ताईंचा, म्हणजे साहेबांच्या बायकोचा, हिशेब वेगळा होता. त्या शेडमध्ये दोनदाच आल्या. पहिल्यांदा त्यांनी ओट्याची उंची घरच्या ओट्याइतकी करून घेतली. दुसऱ्यांदा येताना पिशवीतून कुकर, तवा, परात आणि मिसळणाचा डबा आणला आणि प्रत्येक वस्तू तिच्या जागेत घालून बघितली. परात कुठंच बसेना. मिस्त्रींनी मोजलं, विचार केला, आणि दाराच्या आतल्या बाजूला दोन पट्ट्यांची खाच काढली. परात उभी सरकवली की वरून चामड्याची वादी.

“वाजणार नाही ना, दादा?”

“फेल्ट लावतो, ताई.”

मार्ग त्यांनी ठरवलाय. भोसरीतून निघालं की हाच नाशिक रस्ता, मोशी, चाकण, राजगुरुनगर. मग नाशिक, धुळे, आणि घाट चढून इंदूरच्या वाटेवर पिथमपूर, जिथं फोर्सच्या कारखान्यात ट्रॅव्हलर तयार होतात. पुढं झाशी, कानपूर, लखनौ, गोरखपूर, सोनौली. दीड हजार किलोमीटरहून जास्त. साहेब दिवसाला तीनशे म्हणतात. ताई दोनशे म्हणतात, कारण दुपारी थांबून वरण-भात करायचाय.

चाचणीच्या दिवशी साहेब पलंगावर आडवे झाले. पाय सरळ केले, टाचा मागच्या दाराला टेकल्या नाहीत. कूस बदलली. बाहेर शेजारच्या शेडमधला प्रेस धप्प करून पडत होता आणि गाडी त्या धक्क्यानं किंचित हलत होती, पण आतून एकही आवाज येत नव्हता. मिस्त्री दारात उभे होते, हातात खडू.