मुक्या पांथस्थांची धर्मशाळा

माणसाच्या संगतीला आलेल्या प्राण्यांमध्ये कुत्रा हा सर्वांत जुना सोबती होय. मनुष्य शेती करू लागला, गाई-बैल पाळू लागला, त्याच्याही हजारो वर्षे आधी कुत्रा त्याच्या शेकोटीजवळ येऊन बसला होता. रानात शिकार करून जगणे तो हळूहळू विसरला आणि माणसाच्या हाताकडे पाहू लागला. म्हणूनच माणसाने टाकून दिलेला कुत्रा रानात परत जात नाही. तो रस्त्यावर येतो, उकिरड्यावर पोट भरतो, वाहनाखाली सापडतो, दगडांचा मार खातो आणि कधी भयाने, तर कधी रोगाने माणसालाच चावतो. अशा बेवारशी कुत्र्यांना उचलून आणणारे, त्यांची शुश्रूषा करणारे आणि त्यांना नवे घर मिळवून देणारे निवारे आज अनेक देशांत आहेत.

अशा निवाऱ्यांपैकी एक जुना व प्रसिद्ध निवारा लंडन शहरात आहे. १८६० साली मेरी टीलबी या बाईंनी तो सुरू केला. रस्त्यावर उपासमारीने मरू घातलेली कुत्री पाहून त्यांचे मन कळवळले आणि हॉलोवे या भागात त्यांनी अशा कुत्र्यांसाठी जागा मिळविली. त्या काळी लंडनमधील असंख्य माणसेच अन्नावाचून तळमळत होती. तेव्हा वृत्तपत्रांनी या कामाची टर उडविली. माणसांना घर नाही आणि कुत्र्यांना कसले घर, असा त्यांचा सवाल होता. परंतु बाई डगमगल्या नाहीत. एका जिवावर दया केल्याने दुसऱ्याच्या वाट्याची दया कमी होत नाही, हे त्यांनी कृतीने दाखविले. १८६५ साली त्यांचे निधन झाले, पण काम थांबले नाही. १८७१ साली ही संस्था बॅटरसी येथे गेली. १८८३ पासून तेथे मांजरांनाही आसरा मिळू लागला आणि १८८५ साली व्हिक्टोरिया राणीने संस्थेचे आश्रयदातेपद स्वीकारले.

या संस्थेचे आरंभीचे नाव होते 'हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांचे तात्पुरते घर'. यातील 'तात्पुरते' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. निवारा ही धर्मशाळा आहे. पांथस्थाने तेथे यावे, विसावा घ्यावा आणि आपल्या मुक्कामाला जावे. जुने पांथस्थ निघालेच नाहीत, तर दाराशी आलेल्या नव्या पांथस्थाला जागा कोठून मिळणार? बॅटरसीच्या निवाऱ्यालाही ही अडचण फार जाचली. पुढे पोलीसही मोकाट कुत्री तेथे आणून सोडू लागले. काहींचे मालक सापडत, काहींना नवे घर मिळे. परंतु ज्यांना यांपैकी काहीच लाभत नसे, अशा कित्येक कुत्र्यांना त्या काळी शेवटी मारावे लागे. जीव वाचविण्यासाठी उघडलेल्या दारात जागेच्या अभावी जीव घ्यावा लागणे, यापरते दुःख कोणते? यावरून एक धडा मिळाला. निवाऱ्याला दोन दारे हवीत. आत येण्याचे दार दयेने उघडते, पण बाहेर जाण्याचे दार उघडण्यासाठी मेहनत आणि व्यवस्था लागते.

ही व्यवस्था कशी असते ते पाहू. निवाऱ्यात कुत्रा आला, की प्रथम त्याची नोंद होते. इंग्लंडमध्ये २०१६ पासून प्रत्येक पाळीव कुत्र्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी एक चकती बसविणे कायद्याने सक्तीचे आहे. यंत्राने ती तपासली, की तिचा क्रमांक कळतो आणि त्यावरून मालकाचा पत्ता लागतो. मालक न सापडल्यास पशुवैद्य कुत्र्याला तपासतो. नव्या कुत्र्याला काही दिवस इतरांपासून वेगळे ठेवतात, कारण एका रोगी कुत्र्यामुळे सारा निवारा आजारी पडू शकतो. मग त्याच्या अंगावरील गोचिड्या काढणे, जंतांवर औषध देणे, जखमा धुणे, मोडलेला पाय बांधणे आणि रोगप्रतिबंधक लसी टोचणे ही कामे क्रमाने होतात. बराच काळ उपाशी असलेल्या कुत्र्याला एकदम पोटभर खाऊ घालीत नाहीत. तसे केल्यास त्याच्या जिवावर बेतते. त्याला थोडे थोडे, पण अनेक वेळा अन्न देतात.

शरीराची जखम औषधाने भरते. मनाची भीती मात्र औषधाने जात नाही. पुष्कळ मार खाल्लेला कुत्रा उगारलेल्या हातात आणि गोंजारणाऱ्या हातात भेद करीत नाही. तो कोपऱ्यात अंग चोरून बसतो. अशा वेळी सेवक त्याच्याजवळ जाण्याची घाई करीत नाही. तो थोड्या अंतरावर पाठमोरा किंवा तिरका बसतो, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहत नाही, आणि खाण्याचा तुकडा जमिनीवर ठेवतो. पहिल्या दिवशी कुत्रा हलत नाही. केव्हा तरी तो तुकडा उचलतो, आणि एके दिवशी आपणहून हात हुंगतो. त्या क्षणी अर्धे काम झाले असे समजावे.

यानंतर घराचा शोध सुरू होतो. मागेल त्याला कुत्रा देऊन टाकला, असे येथे होत नाही. घरात दिवसभर कोणी असते काय, लहान मुले आहेत काय, घरमालकाची संमती आहे काय, हे विचारले जाते. खेळकर, धावरा कुत्रा वृद्ध माणसाला झेपत नाही. भित्रा कुत्रा गजबजलेल्या घरात रमत नाही. कुत्रा आणि कुटुंब यांची जोडी जुळली, तरच घर टिकते. नाही तर तो पुन्हा रस्त्यावर येतो.

आपल्या देशात या कामाचे स्वरूप काहीसे निराळे आहे. येथील बहुसंख्य मोकाट कुत्री हरवलेली नसतात; ती गल्लीतच जन्मतात आणि गल्लीतच वाढतात. १८३२ साली मुंबईत सरकारने अशी कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा कुत्र्याला पवित्र मानणाऱ्या पारशी लोकांनी विरोध केला व शहरात दंगल उसळली. मारण्याचा उपाय पुढेही अनेक वर्षे चालला, तरी कुत्री संपली नाहीत. उरलेल्यांना अन्न मुबलक मिळे, रिकाम्या जागेत शेजारची कुत्री शिरत, आणि मादी तर अवघ्या नऊ आठवड्यांत विते. म्हणून २००१ साली केंद्र सरकारने नियम केले व २०२३ साली ते नव्याने घडविले. त्यांनुसार कुत्र्याला पकडून, भूल देऊन त्याचे निर्बीजीकरण करतात, त्याला रेबीजची लस टोचतात आणि बरा झाल्यावर त्याच्याच गल्लीत सोडतात. खूण म्हणून त्याच्या कानाला छोटी खाच पाडतात. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा आवारांतील कुत्री मात्र तेथे परत न सोडता निवाऱ्यात ठेवावीत, असा आदेश दिला. अशा आदेशाने निवाऱ्यांवरील भार वाढतो, आणि गल्लीतल्या पिलाला घरी नेणाऱ्या कुटुंबाचे मोलही वाढते.

हे सारे केवळ कुत्र्यांसाठी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे रेबीजमुळे जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे मरतात आणि त्यांत दहापैकी चार पंधरा वर्षांखालील मुले असतात. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू बहुधा टळत नाही. परंतु एखाद्या भागातील ७० टक्के कुत्र्यांना लस टोचली, तर तेथे रोगाचा प्रसार थांबतो. कुत्रा चावल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, ताबडतोब रुग्णालयात जावे आणि ही गोष्ट मोठ्यांपासून कधीही लपवू नये. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिलांजवळ असलेल्या कुत्र्याला छेडू नये.

संत नामदेवांची कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. कुत्रा भाकरी घेऊन पळाला, तेव्हा ती कोरडी त्याच्या घशाखाली कशी उतरेल, या काळजीने ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. दारातल्या कुत्र्यापुढे भाकरीचा तुकडा टाकणे सोपे असते. त्याची जखम धुणे, त्याला लस टोचून घेणे, त्याला घर शोधून देणे आणि त्या घराने त्याला आयुष्यभर सांभाळणे, ही तुपाची वाटी होय. ती घेऊन धावणारे हात जितके वाढतील, तितके आपले रस्ते माणसांना आणि कुत्र्यांनाही निर्भय होतील.